एक जानेवारी

चिमूरच्या अलीकडे रोही आडवा आला
तेव्हा कॅमेरा चालूच होता.
क्लिपमध्ये रोही नाही.
राखडी मुंग्या आहेत, समोरच्या ट्रकचे
दोन फुटलेले चंद्र,
अन् माझाच आवाज: अबे, अबे, अबे.

शालिकभाऊच्या मोबाइल दुकानात
वंशिकनं कार्ड काढलं, फॉरमॅट मारलं,
फर्मवेअर टाकलं.
लाल दिवा लुकलुकत राह्यला दोन चहा होईपर्यंत.
म्हणे, मधात चाबी फिरवू नका, मरून जाईल.
मी गाडीजवळ उभा,
ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा.

उठला. कोपऱ्यात तारीख एक जानेवारी,
साल असं, की तेव्हा ही गाडी माझी नव्हती,
बाबा होते.
काका, तारीख बरोबर करून देऊ?
राहू दे जरा, म्हटलं.

रात्री त्याच रस्त्यानं. त्याच मुंग्या.
नंबर प्लेट म्हणजे नुसती पांढरी भाकर.
भिसीच्या ढाब्यावर खर्रा तोंडात टाकला,
बोट पुसलं काचेला, आतून,
तर बोटच पिवळं, चिकट:
चार वर्षांची उदबत्ती.
रोज सकाळी दोन काड्या
मीच लावलेल्या, डॅशबोर्डवरच्या देवाला.

पेपर ओला करून घासली काच.
आता दिसते. पांढरा पट्टा,
धुऱ्यावरची बाभूळ,
अन् बाभळीखाली थांबलेला रोही,
हिरवे डोळे माझ्याकडे लावून.
खाली तारीख तीच.

उद्या सांगतो वंशिकला.
उद्या म्हणजे
दोन जानेवारी.