कुर्ली : सातवी खेप

तळाशीलात हवा दोन्हीकडून खारी.
इकडे दर्या, तिकडे खाडी,
मध्ये आमचं घर, घरात माझं टेबल,
टेबलावर पंधरा दिवसांत हिरवी पडणारी तांब्याची तार.
म्हणून प्रत्येक डागावर
सुचेतावहिनीची नेलपॉलिश लावतो. जांभळी.
बोर्ड रात्री उकड्या तांदळाच्या डब्यात झोपतो.

मोटारी, मालवणच्या झेरॉक्सवाल्या कोचरेकराने
भंगारात काढलेल्या प्रिंटरच्या.
चाकं चपलांच्या तळव्यांतून कापलेली.
चपला माझ्या नव्हत्या.
अंग म्हणजे बर्फाच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण,
अजून बांगड्याचा वास मारतं.

पहिल्या खेपेला जळली.
दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर म्हणाला, अर्धविराम राहिला,
ओळ चाळीस.
रात्रभर चाळीस बघितली. राहिला होता एकोणचाळिसावर.
तिसरी, चौथी, पाचवी,
सरळ जा म्हटलं तरी तिरकी, तिरकी,
थेट चुलीकडे.
नाव तेव्हाच पडलं.

आबा खाटेवरून बघायचे.
दोन वर्षं झाली, डावा हात मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
मी डाव्या मोटारीचा वेग वाढवत होतो,
दोनशे, दोनशे तीस, दोनशे पंचावन्न,
त्यापुढे आकडाच नाही.
आबा म्हणाले,
"त्येका मारून काय उपेग?
उजव्या वल्ह्याक सांग, जरा दमान घे."

उजवीला एकशे नव्वद टाइप केलं.
कुर्ली ओटीवरून पडवीपर्यंत गेली
फरशीच्या रेघेवरून.
आबांनी कूस बदलली.

डोळे आहेत तिला, दोन गोल पत्र्याचे.
बघत नाहीत. हाक मारतात,
आणि हाक परत यायला किती वेळ लागला ते मोजतात.
हे आबांना समजावून सांगावं लागलं नाही.
धुक्यात कातळाजवळून होडी काढताना
ते हेच करायचे, फक्त शिव्या देऊन.

भिंत कळते तिला. माठ कळतो. मांजर अर्धंमुर्धं.
जाळं कळत नाही.
हाक भोकांतून आरपार जाते,
तिला वाटतं पुढे मोकळं आहे.

काल रात्री वीज गेली. ती बॅटरीवर चालतच राहिली,
काळोखात नुसती घरघर,
मग घरघर एकाच जागी.
टॉर्च मारला तर कोपऱ्यातल्या जाळ्यात,
दोन वर्षं कुणी न उलगडलेल्या,
चाकांना नायलॉन गुंडाळून बसलेली.

मी कात्री आणायला गेलो.
परत येतो तर आबा जमिनीवर,
खाटेवरून कसे उतरले त्यांनाच ठाऊक,
पायाच्या बोटांत जाळं धरून ताणलेलं,
उजव्या हाताने एकेक फास मोकळा करत.
"कात्री ठेय. जाळा कापूचा नाय."

बराच वेळ लागला. टॉर्च पिवळा पडत गेला,
मी तो हलवला की ओरडले.

शेवटचा फास सुटला.
उलटी धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं,
चाकं हवेत फिरत होती,
पोटाखाली वायरी, जांभळे ठिपके.
तळहातावर तोलली.
"ल्हान आसा अजून," म्हणाले,
आणि दाराकडे तोंड करून
खाली सोडली.