उसनं पाणी

इंडिका दारात आली तेव्हा शिवलीला पोटात होती.
आता शिवलीला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे
आणि इंडिका खाजामियाँच्या शेडमध्ये,
बोनेट वासून,
दातांच्या डॉक्टरकडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"रेडिएटर गळालाय, मुनीमसाहेब."
हे तो मला दर मार्चला सांगतो
आणि दर मार्चला मी विचारतो, "एवढा एक उन्हाळा काढंल का?"
असे आम्ही तिघांनी अकरा उन्हाळे काढले.

मागच्या सीटला तुरीचा वास आहे, जात नाही.
डावं मागचं दार आतून उघडत नाही,
मी उतरून, वळसा घालून उघडतो.
पाहुण्यांना वाटतं, किती मान देतो माणूस.

शेडच्या निम्म्या भागात आता बॅटरीच्या रिक्षा,
वायरी लावून ओळीनं उभ्या, दावणीला बांधल्यासारख्या.
"ना ऑइल, ना प्लग, ना क्लचप्लेट," खाजामियाँ म्हणतो,
"आमच्या हातांनी आता करायचं काय?"
तरी बोर्ड त्यानंच रंगवलाय: चार्जिंग होईल. चहा मिळेल.
दुपारी लाइट जाते.
मग रिक्षावाले पत्ते काढतात
आणि चहाच जास्त खपतो.

ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं,
आमच्या गल्लीत टँकर नवव्या दिवशी यायचा.
निळ्या ड्रमांना कुलपं होती.
महानंदा ताटं फडक्यानं पुसायची, धुवायची नाही.
मला औशाला जायचं होतं, अडतीच्या वसुलीला,
आणि काटा लाल रेघेवर.
पहाटे, घर झोपेत असताना,
मी पिण्याच्या माठातून दोन तांबे काढले
आणि बोनेट उघडून ओतले.
गाडी प्यायली.
आवाज झाला, वासराचा होतो तसा.

संध्याकाळी महानंदा म्हणाली, "माठ झिरपतोय वाटतं."
मी म्हणालो, "नवा आणू."
आणला.
जुना माठ चांगला होता.

काल रात्री शिवलीलानं मोबाईलवर बस दाखवली,
कुठल्याशा थंड गावातली, हायड्रोजनवर चालणारी.
मागं धूर नाही. थेंब.
"फक्त पाणी निघतं, पप्पा."
फक्त.

महानंदाचा भाकरीवरचा हात थांबला.
किंमत नाही विचारली, ॲव्हरेज नाही.
"किती निघतं?"

"शंभर किलोमीटरला नऊ लिटर. पण बरंचसं वाफ होऊन जातं."
"आन् ते हायड्रोजन कुठून आणतेत?"
"पाणी फोडून."
"कुणाचं?"
शिवलीलाकडं याचं उत्तर नव्हतं.
पुस्तकात पाणी नुसतंच पाणी असतं,
त्याला गाव नसतं.

मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून,
"आपल्या औशापर्यंत किती निघंल?"
तिनं बोटांवर हिशेब केला:
वीस किलोमीटर, म्हणजे पावणेदोन लिटर.
"दोन तांबे धरा."

महानंदानं भाकरी उलटली.
फुगेपर्यंत काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"म्हंजे त्या माठातलं फिटलं असतं."

आणि परडीत भाकरी टाकून
दुसरी थापायला घेतली.

आज खाजामियाँनं रेडिएटर झाळून दिला.
सवयीनं मी बाटली पुढं केली.
त्यानं ती बाजूला सारली
आणि डब्यातून हिरवं कूलंट ओतलं, कडुलिंबाच्या रसासारखं.
"गाडीला हे. पाणी राहू द्या, साहेब,
वाटेत तहान लागते."

बाटली शेजारच्या सीटवर ठेवली.
गंजगोलाईपर्यंत ती डचमळत होती,
आणि मी गाडी हळू चालवत होतो,
कुणीतरी झोपलंय अशी.