तळहात

इंजेक्शन देऊन मी सुई डब्यात टाकली, तेवढ्यात
एलादिओ म्हणाला, "तळहात खाजतायत,
यंदा शिंपल्यांना भाव येणार."
मीही हसले. खिडकीबाहेर
मेचुकेच्या धक्क्याला ओहोटी लागलेली,
होड्या चिखलात कलंडून पडलेल्या.

मग तो हसायचा थांबला.
मानेवर गांधी उठल्या, एकीतून दुसरी,
ओठ परक्या माणसाचे झाले
आणि आवाज जाड, ओल्या लोकरीतून आल्यासारखा:
"ओरिएता, काहीतरी वाईट होतंय."
काय, ते त्याला माहीत नव्हतं.
शरीराला होतं.

पुस्तकात हे सगळं एका पानावर आहे.
पान आठवलं नाही. हातांना आठवलं:
अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पँटवरूनच.
आडवा केला. पाय पिठाच्या पोत्यावर.
तो उठू पाहत होता, बूट चाचपत.
"उठायचं नाही!"
ओरडले मी, वडिलांच्या वयाच्या माणसावर.
पाच मिनिटं. श्वासात अजून शिट्टी.
दुसरं इंजेक्शन.
दाल्काउएहून लाँच मागवली रेडिओवर,
पाणी चढेपर्यंत ती येणार नव्हती.
मी नाडी धरून बसले, भरतीची वाट बघत,
कधी नव्हे ती समुद्रावर चिडून.

इस्पितळात रात्रभर ठेवून घेतलं त्याला.
ओसरलेलं कधीकधी परत फिरतं म्हणून.

आता त्याच्या कार्डावर लाल अक्षरांत पेनिसिलिन.
बायकोने तेच टोपीच्या आतून विणलंय,
एक अक्षर चुकवून.
काल दाढ दुखते म्हणत आला,
आणि मी कपाट उघडायच्या आधीच
टोपी काढून, उलटी करून
टेबलावर ठेवली.