बेवड

ऑगस्टच्या थंडीत, कोलोनिया जिल्ह्यात
मी गिरमिट घेऊन गाडीतून उतरते तेव्हा
दोघे भाऊ आपापल्या फाटकात उभे असतात.
मधे पाचपदरी तार,
बाप गेला त्या वर्षी ओढलेली.

एल्बिओकडे क्लोव्हर आणि गवत, तिसरं वर्ष.
गाई आत्ताच चरून गेल्यात, शेण अजून वाफाळतंय.
पुढे गहू, मग ज्वारी, मग पुन्हा गवत.
बापाच्या वहीतला क्रम. त्याने तो मोडला नाही,
किंवा दुसरं काही सुचलं नाही, असं नेरी म्हणतो.

नेरीकडे सोयाबीन.
सोयाबीनवर सोयाबीनचाच बेवड, अकरा वर्षं.
'बंदरावर क्लोव्हरला भाव काय?'
त्याची तीन मुलं माँटेव्हिडिओत शिकतात.
मी वहीत तारीख लिहिते.

गिरमिट एल्बिओच्या रानात
मुळं कुरकुर तोडत उतरतं.
नेरीकडे वीतभर खाली अडतं, मी अंगाचा भार टाकते.
सोयाबीन निघालं की मागे राहतं ते किती?
मूठभर पानं, दोन पावसांत विरणारी.
बाकी सगळं जहाजात चढतं,
आणि जमीन जुनं मोडून खाते.

स्वयंपाकघरात दोन ग्लास पाणी, दोन ढेकळं.
येर्बाचा कडू काढा एक फेरी पुरा व्हायच्या आत
नेरीच्या ढेकळाचं गढूळ पाणी झालं.
एल्बिओचं बसून राहिलं,
मधूनच एखादा बुडबुडा सोडत,
हट्टी म्हाताऱ्यासारखं.

प्रयोगशाळेत रीत उलटी असते.
माती वाळवायची, तोलायची,
भट्टीत घालायची, पुन्हा तोलायची.
जेवढं जळून गेलं, तेवढं होतं.
हजेरी अशी गेलेल्यांवरून लावायची.

फरक निघाला, पण वरच्या चार बोटांत.
हातभर खाली दोघेही
एकाच बापाचे.

तिसरी पिशवी कुणी मागितली नव्हती.
तारेखालची ती अरुंद पट्टी,
जिथे ना याचा नांगर पोचला ना त्याचा;
दोन्हीकडून उडालेलं बी,
कुणी न उपटलेलं गवत,
वीस वर्षं तिथल्या तिथे मरून
तिथल्या तिथे उगवलेलं.
मुशीतून तीच सर्वांत हलकी होऊन बाहेर आली.
मी काटा दोनदा तपासला.

नेरीचा फोन आला. आकडे सांगितले, तिन्ही.
'तारेखाली पीक कुठलं होतं?'
कुठलंच नाही, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ फक्त वारा,
एक ट्रॅक्टर, लांब.

मग विचारलं,
क्लोव्हरचं बी सध्या किलोला कसं पडतं,
आणि लगेच,
एल्बिओला सांगू नकोस,
मी विचारलं म्हणून.