विषय क्रमांक सात

संध्याकाळचे सहा. अबरहेलीच्या टाऊन हॉलमध्ये
हीटर नुसता खडखडतोय, तापत नाही.
छाननी समिती, पर्यावरण आणि नियोजन.
सदस्य नऊ, हजर सहा,
एकाची रजा आली, दोघांचं काहीच नाही.
मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कसं म्हणालं ते नाही.

विषय दोन, हितसंबंध जाहीर करणे.
कोणी नाही.
तीन ते सहा पटापट जातात,
हिरव्या पेट्या, किनाऱ्यावरची कुत्री,
बंदराच्या दिव्यांचं थकलेलं बिल.

विषय सात.
खाडीच्या दलदलीला लागून एकशे चाळीस घरं.
रोड्री पास्क पडद्यावर नकाशा लावतो.
निळी रेघ म्हणजे पूर इथवर.
लाल रेघ म्हणजे घरं इथून.
मध्ये बोटभर अंतर.

टेगवेन प्रॉसर चष्मा पुसते.
चाळीस वर्षं तिने ओहोटीला शिंपल्या वेचल्या,
अजून खुर्चीत बसते ती अर्धी वाकून.
"ही निळी रेघ कधीची?"
पास्क पानं उलटतो. "दोन हजार चारची."
"आणि पाणी कधीचं?"

मी लिहिते:
सदस्यांनी आधारभूत माहितीच्या कालावधीबाबत विचारणा केली.

"गेल्या जानेवारीत चॅपलच्या तिसऱ्या पायरीवर पाणी होतं.
गुडघाभर पाण्यात उभी राहून
मी भजनाची पुस्तकं खिडकीतून बाहेर दिली.
तुमच्या रेघेच्या कुठल्या अंगाला आहे चॅपल?"

पास्क बघतो. आम्ही सगळेच बघतो.
चॅपल नकाशात नाहीच.
जिथे ते असायला हवं, तिथे एक पांढरी चौकट:
निळी रेघ म्हणजे काय,
लाल रेघ म्हणजे काय.

वाईट माणूस नाही पास्क.
त्याचे कान लाल झालेले मला दिसले.
त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

"पाणी मुरायला जागा लागते," टेगवेन म्हणते,
"दलदल त्याचसाठी आहे. तिथे नाही मुरलं
तर ते कागदात मुरतं,
आणि मग कुठे मुरतंय ते कोणाला सापडत नाही."

अध्यक्ष इडवल बेव्हन घसा खाकरतात.
आठवण करून देतात, या समितीला
नामंजुरीचा अधिकार नाही. विचारण्याचा आहे.
आपण शिफारस करू,
कॅबिनेट ती मानेल किंवा न मानण्याची कारणं देईल.
"आपल्याला दात नाहीत, टेगवेन."
"माझ्या आजीलाही नव्हते.
घास सोडायची नाही ती. चघळत बसायची
ताटं उचलून झाली तरी."

कोणीतरी हसलं. हीटर थांबला.
शिफारस: नव्या मोजणीशिवाय पुढे जाऊ नये.
बाजूने चार, विरुद्ध दोन.
सभा आठ वाजून दहा मिनिटांनी संपली.

लिपिकाला हितसंबंध जाहीर करावे लागत नाहीत.
म्हणून कुठेच लिहिलेलं नाही,
की माझा ओवाइन, त्याची बायको आणि सात महिन्यांची पोर
माझ्या मागच्या खोलीत राहतात,
आणि त्या एकशे चाळीस घरांच्या यादीत
त्यांचा नंबर बावन्न आहे.

इतिवृत्त दोन भाषांत करायचं, वेल्श आधी.
रिकाम्या हॉलमध्ये मी 'कालावधीबाबत विचारणा' खोडलं.
लिहिलं: चॅपल. तिसरी पायरी. जानेवारी.
मग इंग्रजीत, तेच, तेवढंच.
हात थरथरला का? थंडी होती.

बाहेर भरती चढत होती.
दिसत नव्हती, वास येत होता चिखलाचा.
गावाच्या नावातच खारं पाणी आहे आमच्या,
आणि आम्ही ते रोज पत्त्यावर लिहितो.

ओवाइन दारातच उभा, खांद्यावर झोपलेली पोर.
"काय झालं?"
"चार विरुद्ध दोन."
"कुठले चार?"
मी कोट काढला नाही.
किटली नळाखाली धरली,
भरली,
आतल्या रेघेपर्यंत.