तिथीची पाऊणपट

तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं,
येते ती भरतीची वेळ.
त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.
हे मला बँकेनं शिकवलं नाही,
तिथं मी बावीस वर्षं व्याजच मोजते आहे.
शिकवलं चांगुणा तांडेलनं,
वरळी किल्ल्याच्या पायथ्याशी उकिडवी बसून
कालवं फोडता फोडता,
माझ्याकडं न बघता.
हिशेब पुनवेच्या पुढं थोडा अडखळतो.
विचारलं तर म्हणाली, पाण्याला तेवढं माफ.

तेव्हापासून टेबलावरच्या कॅलेंडरात
काही चौकोनांत पेन्सिलीचा ठिपका असतो.
निलोफरला वाटतं, गुडघ्याची ट्रीटमेंट.
घैसाससाहेबांना वाटतं,
मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देते आहे.
या वयात!
मला ऐकून जरा बरंच वाटलं.

खालच्या ड्रॉवरमध्ये, थकीत कर्जांच्या फायलींमागं,
रबरी चपला आहेत, जुना टॉवेल,
आणि मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग.
एवढ्या सामानात
साडेपाच ते साडेसहा परदेशी जाऊन येता येतं.

नवमीला जेवणाच्या सुट्टीतच ओहोटी,
पण चिकट.
दोन पावलं मागं सरते नि लगेच पदर सावरते.
एकदा गेले. डबा टॅक्सीत खाल्ला,
जाऊन-येऊन दोनशे रुपये,
पाहिला एक खेकडा.
तोही मला बघून आत गेला.

खरी ओहोटी पुनवेची, अवसेची.
तेव्हा खडक पार आतपर्यंत उघडे पडतात,
शेवाळानं गुळगुळीत,
मधे मधे परातीएवढी डबकी.
त्यात थर्माकोल, कुणाची तरी एक चप्पल,
एकदा तर आमच्याच बँकेचं पेन,
आणि त्या पेनाला चिकटून
करंगळीच्या नखाएवढी एक गोगलगाय,
शंखाशिवायची, पिवळ्या काठाची,
जणू शालू नेसून निघालेली, एकटीच.
तिला पेन ओलांडायला अकरा मिनिटं लागली.
मी मोजली. मला मोजायची सवय आहे.

या महिन्यात पुनव बुधवारी, ओहोटी साडेपाचची.
आणि साहेबांनी पाचला मीटिंग लावली.
पडद्यावर उतरत्या रेघा.
साहेब म्हणाले, ठेवींना ओहोटी लागली आहे.
मी घड्याळ पाहिलं.
खरंच लागली होती.
माझा खडक आत्ता कोरडा होत असणार,
समुद्रफुलं मिटून गोळा होऊन बसली असणार,
आणि इथं जुन्नरकर विचारत होता
चहा अजून कसा नाही आला.

सातला पोचले. डबकी बुडालेली,
लाटा पायरीपर्यंत.
चांगुणा डबा काखेत मारून परतत होती.
म्हणाली, उद्या ये गो,
तो रोज पाऊण तास उशिरानंच येतो.
त्याला कोण लेटमार्क लावतंय?

गुरुवारी चपला काढताना निलोफरनं पकडलं.
हे गुडघ्याचं नाही, म्हणाली,
आणि लिफ्टमध्ये माझ्याबरोबर शिरली.

सव्वासहा. सलवार दुमडून,
पर्स छातीशी धरून ती खडकावर उभी,
लग्नाच्या फोटोत उभं करतात तशी.
बघायचं काय, तिनं विचारलं.
काही नाही. थांबायचं.
किती वेळ?
मी उत्तर दिलं नाही.
मलाही तेव्हा कुणी दिलं नव्हतं.

वरून पुलावरच्या गाड्यांचा आवाज.
एक मुलगा पतंगाचा मांजा गुंडाळत गेला.
निलोफरनं दोनदा मोबाईल पाहिला,
तिसऱ्यांदा तो पर्समध्ये टाकला,
आणि मग तिच्या अंगठ्याशेजारचा दगड
हळूच उठला,
शेजारच्या दगडावर चढला,
आणि पुन्हा दगड झाला.

अगं, ती कुजबुजली,
बँकेत बोलत नाही अशा आवाजात.
अगं, याला डोळे आहेत.

मी भिंग पुढं केलं.
तिनं ते घेतलं आणि
अजूनपर्यंत परत दिलेलं नाही.