तीन लोग

रविवारच्या मुलांसाठी तक्ता करतोय:
लिटरात सव्वातीन लोग,
हिनात पावणेचार लिटर,
बथ बावीस. कुणी तेवीसही म्हणतं,
म्हणून पेन्सिलीनंच लिहिलंय.

संध्याकाळी गंगावेशीत, दूध कट्ट्यावर
आकाराम म्हशीच्या कुशीला डोकं टेकून
धार काढत होता.
म्हटलं, आज तीन लोग दे.
लोग म्हणजे काय, हे त्यानं विचारलंच नाही.
मान न वळवता म्हणाला,
"फेस धरून का फेस सोडून, मास्तर?"

शास्त्राच्या कुठल्याच टिपेत हे नाही.

ग्लासातला फेस हळूहळू बसला,
दूध बोटभर खाली गेलं.
त्यानं ग्लास परत ओढला,
सडातून थेट आणखी एक धार सोडली.
पैसे तेवढेच घेतले.

घरी येऊन तक्त्यात एक रकाना वाढवला.
मथळा सुचेना.
मिशीला अजून साय होती.